मागच्या सीटवरचं ठिगळ

"सुखानं गेले," पंपवाले म्हणाले. "जे हवं होतं ते मिळालं आणि मग गेले. असं किती जणांच्या वाट्याला येतं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

पेट्रोल पंपाच्या मागच्या आवारात आम्ही उभे होतो. रविवारी सकाळी ही मंडळी इथंच जमतात. पंपवाल्यांची फियाट कूपे असते. दातांच्या डॉक्टरांची आल्फा रोमिओ असते. त्यांना सगळे दातवाले म्हणतात. बाई निवृत्त भूगोल शिक्षिका. त्यांची बियांकीना एवढीशी आहे, आणि ती लावताना त्या दरवेळी म्हणतात, "सरका रे, मोठी गाडी येतेय." या रविवारी त्या काही बोलल्या नाहीत. गाडी लावली आणि आतच बसून राहिल्या.

चौथी गाडी आवाराच्या कडेला, पत्र्याखाली होती. राखाडी रंगाची लान्सिया आप्पिया. तिचे मालक शुक्रवारी गेले. दुकानात, शिलाई मशीनसमोरच्या स्टुलावर, बसल्या बसल्या.

त्यांना तोंडावर सगळे काका म्हणायचे. पाठीमागे अस्सलकाका. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही असावं.

काका गाड्यांच्या सीटा शिवायचे. टप, दारांची आतली अस्तरं, सगळं. त्यांच्या दुकानावरची खोली मी भाड्यानं घेतली तेव्हा मी नुकताच साहित्यात एम.ए. झालो होतो आणि एका छापखान्यात मुद्रितं तपासत होतो. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "काय शिकलास?" मी सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे कवी." मी म्हणालो, मी कविता करत नाही. ते म्हणाले, "मग तर पक्का कवी. करणारे कुठं कबूल करतात?" तेव्हापासून मी कवीच राहिलो.

दुकान लांबट होतं. पुढं मशीन, मागं कापडाच्या गुंडाळ्या, मध्ये उघड्या स्प्रिंगांच्या सीटा. काथ्याचा वास. भिंतीवर हातोड्या आणि दाभणं, सगळी आकाराप्रमाणं. गाडी आली की काका आधी मागचं दार उघडत आणि सीटवरून हात फिरवत. डोळे भलतीकडेच असत. हात फिरत फिरत एका जागी थांबे.

"इथं कोणी हात घातलाय?"

"अहो, ते आमच्या वडिलांनी..." मालक सुरू करी.

"वडिलांना नमस्कार सांगा. हे निघणार."

आणि ते निघायचं. ठिगळ, रेक्झिनचा तुकडा, बाजारातली नवी चेन, चुकीच्या रंगाचा दोरा, सगळं. ब्लेड लावून काका सरसर उपटायचे. जुन्या इटालियन गाडीत जे कारखान्यातून आलं तेच राहील, बाकी सगळा कचरा, हा त्यांचा कायदा. पंपवाल्यांच्या आईनं फियाटच्या सीटवर क्रोशाचं कव्हर चढवलं होतं. काकांनी ते घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "आईंना म्हणावं, टेबलावर घाला, छान दिसेल." पंपवाले हा किस्सा अजून सांगतात. परवाही सांगितला.

मंडळींची शिस्त काकांनीच बसवलेली. दातवाल्यांनी आल्फाच्या दारासाठी एक मूठ मिळावी म्हणून दोन वर्षं पत्रं लिहिली, पण दुसरी मूठ बसवली नाही. तोवर दार आतून दोरीनं बंद करत. "दाताच्या जागी तुम्ही दोरी लावता का हो?" बाई विचारत. दातवाले म्हणत, "काकांना विचारा. ते परवानगी देतील तर लावीन."

रविवारचा एक रिवाज होता. चहा झाला की कोणीतरी आपल्या सुटलेल्या गाडीबद्दल बोलायचं. विकली गेलेली, भावाकडं गेलेली, भंगारात गेलेली. बाकीचे ऐकत आणि मग माग काढायच्या युक्त्या सुचवत. जुने गॅरेजवाले, विमा एजंट, रंगारी. या मंडळींनी अशा कितीतरी गाड्या शोधून काढल्या होत्या. आणि एक नियम होता: गाडी सापडली की जो शोधत होता तोच पहिल्यांदा आत बसेल. त्याआधी कोणी नाही.

काकांची पाळी आली की ते थोडक्यात आटपत. "लान्सिया आप्पिया. राखाडी. मधला खांब नसलेली. पुढचं दार पुढं उघडतं, मागचं मागं. कपाटासारखी. एका डॉक्टरीणबाईंची होती, त्यांनी चालवणं सोडलं तेव्हा मला दिली. मी एका फोटोग्राफरला दिली. तो गाव सोडून गेला." चेसिस नंबर तोंडपाठ. तो सांगायचे आणि कप उचलायचे.

"का दिलीत पण?" मी एकदा विचारलं.

"दिली," ते म्हणाले.

मग एकदा बातमी आली की एका वीटभट्टीवर आप्पिया उभी आहे. मंडळींपैकी कोणाला सवड नव्हती. काका म्हणाले, "चल कवी." आम्ही बसनं गेलो. वाटेत ते दोन्ही हातांची बोटं अंगठ्यावर घासत होते. हल्ली ती सवय लागली होती. मला वाटायचं, थंडीनं.

भट्टीवर छपराखाली गाडी होती. वर पोती. पोती काढली. राखाडीच होती. भट्टीवाला उत्साहात. "इंजिन फिरतंय बरं का! थांबा, बॅटरी लावतो."

काकांनी बॉनेटकडं पाहिलंही नाही. नंबरही पाहिला नाही. मागचं डावं दार उघडलं आणि सीटवर हात ठेवला. धूळ झाडली नाही, नुसता ठेवला. मग सरकवला. पुन्हा मागं आणला.

"ही नव्हे," ते म्हणाले.

"अहो, इंजिन तरी ऐका!"

"इंजिन काय करायचंय मला?"

भट्टीवाल्याला राग आला असणार. "मग सीट घेऊन जा नुसती, घरी सोफा करा," तो म्हणाला.

परतीची बस लवकर नव्हती. थांब्यावर एक सिमेंटचा बाक होता. त्यावर बसून त्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

काकूंना मी पाहिलेलं नाही. मी येण्याआधीच त्या गेल्या होत्या. भिंतीवर फोटो होता, त्यात त्या हसू दाबताहेत असं दिसतं. त्या गाडीत नेहमी मागं बसायच्या. डावीकडं. पुढं कधीच नाही.

"म्हणायची, नवरा शेजारी असला की बायको, पुढं असला की ड्रायव्हर. मला ड्रायव्हर पाहिजे. बसली की म्हणायची, ड्रायव्हर, घरी चला. कुठंही जायचं असलं तरी आधी हेच. मी म्हणायचो, अगं, आत्ता तर घरून निघालोय. ती म्हणायची, मग फिरवून घरी चला."

एकदा त्यांच्या छत्रीची तुटकी काडी सीटमध्ये घुसली आणि कापड फाटलं. लोकरीचं कापड होतं, त्या गाडीला तसंच येतं. काकांजवळ तसलं नव्हतं. ते म्हणाले, मागवतो, तोवर हात लावायचा नाही. काकू एक हिवाळाभर थांबल्या. भोकातून काथ्या टोचायचा. मग एक दिवस काका दुकानात असताना त्यांनी आपल्या निळ्या कोटाची आतली पट्टी कापली, काकांचं पोत्याचं दाभण घेतलं आणि गाडीत बसून ठिगळ लावलं.

"तिला शिवता येत नव्हतं. बिलकूल नाही. लग्न झालं तेव्हाच म्हणाली होती, घरात एक सुई पुरे. साधं बटणसुद्धा मी लावायचो. आणि हे असे टाके! हा इकडं, तो तिकडं, एक बोटभर, एक मुंगीएवढा. शेवटी गाठ तर अशी, की बसलं की टोचायची."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? ओरडलो. हे काय केलंस? म्हणाली, शिवलं. मी म्हणालो, याला शिवणं म्हणतात? म्हणाली, भोक बुजलं ना? मी म्हणालो, अगं, या गाडीत इटलीहून आलेलंच कापड चालतं. तर म्हणते कशी, मी कुठं इटलीहून आलेय? मी चालते ना?"

ते हसले. हसता हसता बोटं घासत राहिले.

"उपटणार होतो. खरंच. कापड आलं की उपटीन म्हणालो. कापड आलं, तेव्हा ती आजारी होती. मग ती गेली. मग मला ती गाडी डोळ्यांसमोर नको झाली. मागून कोणी काही म्हणेना. फोटोग्राफर आला, म्हटलं घेऊन जा. त्याच आठवड्यात."

बराच वेळ गाड्या जात राहिल्या.

"नंतर घर आवरलं तेव्हा कळलं, तिच्या हातचं काहीच नाही रे. पडदे मी शिवलेले, उशा मी शिवलेल्या. तिचे कपडे, तेही माझ्याच हातचे. तिनं जन्मात एकच गोष्ट शिवली."

मग त्यांनी हात पुढं केला आणि म्हणाले, "बोटं दाब." मी दाबली. "जोरात." मी जोरात दाबली. "आता कळलं," ते म्हणाले. साखरेनं नसा जात होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाढत जाणार. टोकाला आता सुती कोणतं आणि लोकरी कोणतं एवढंच समजत होतं. "तेही जाईल. त्याआधी सापडायला पाहिजे. एकदा हात फिरवायचाय. बस्स."

बस दिसली तेव्हा ते उठले. "आणि मंडळींना सांगायचं नाही. जन्मभर त्यांच्या गाड्यांतली ठिगळं उपटली मी. हसून हसून मरतील."

मी सांगितलं नाही. कोणालाच नाही.

त्या हिवाळ्यानंतर पंपवाल्यांना गाडी सापडली. फोटोग्राफर केव्हाच वारला होता. त्याच्या पुतण्याच्या गोदामात रंगाच्या डब्यांमागं ती उभी होती. चेसिस नंबर जुळला. पंपवाले सांगतात, तो नंबर त्यांनी तीनदा वाचला. त्यांनी दातवाल्यांना आणि बाईंना बोलावलं. तिघांनी ठरवलं की काकांना सापडल्याचं सांगायचं नाही. काकांनी आयुष्यभर आपल्या गाड्या अस्सल केल्या, आता त्यांची आपण करायची. कारखान्यातून निघाली तशी. मगच समोर उभी करायची.

मलाही सांगितलं नाही. "तू वरच राहतोस. तुझ्या पोटात काही राहत नाही," बाई नंतर म्हणाल्या.

त्या महिन्यांत काका चिडचिडे झाले होते. रविवारी कोणी वेळेवर येईना. आले तर लवकर पळायचे. "म्हातारा झालो रे, कंटाळले मला," ते म्हणायचे. दोऱ्याचं टोक सुईत ओवायला आता मला हाक मारायचे. एकदा त्यांना अंगठ्यातून रक्त येतंय हे माझ्याकडून कळलं.

मग एका शनिवारी पंपवाल्यांचा निरोप आला. उद्या काकांना घेऊन ये, स्वच्छ शर्ट घालून.

"माझं लग्न आहे की काय?" काका म्हणाले. पण शर्ट घातला.

आवाराच्या मध्ये ताडपत्रीखाली काहीतरी होतं. तिघं रांगेत उभे. दातवाल्यांनी टाय लावला होता. पंपवाल्यांनी घसा साफ केला, भाषण करायचं होतं बहुतेक, पण जमलं नाही. "ओढा हो," ते बाईंना म्हणाले. बाईंनी ताडपत्री ओढली.

राखाडी रंग चकाकत होता. काका जागच्या जागी उभे राहिले. मग पुढं गेले, वाकले, नंबर पाहिला. तोंडानं पुटपुटत एकेक आकडा जुळवला. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. असा आनंद मी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. तो आनंद पाहिला म्हणून पुढचं मला विसरता येत नाही.

ते मागच्या डाव्या दाराकडं गेले. मी काचेतून आत पाहिलं आणि मला समजलं. त्यांना अजून समजलं नव्हतं. ते आकाशाकडं बघत होते, नेहमीसारखे. दार उघडलं. हात आत घातला.

सीटवर प्लास्टिक होतं. नियमाप्रमाणं आत कोणी बसलं नव्हतं. त्यांनी प्लास्टिक बाजूला सारलं. लोकरीचं नवं कापड. राखाडी, बारीक विणीचं, अगदी बरोबर. हात सरकला. मागं आला. पुन्हा सरकला. मला वाटतं, आधी त्यांनी आपल्याच बोटांवर संशय घेतला. कारण मग त्यांनी तळहात ठेवला. मग मनगटाची आतली बाजू. आणि मग खाली पाहिलं.



"कापड कुठून आणलंत?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीचा होता.

"तिथूनच!" दातवाले म्हणाले. "मूळ ठिकाणाहून. चार महिने लागले."

"शिवलं कोणी?"

"तुमच्याच हाताखाली शिकलेल्यानं. त्याला दम दिला होता, काका बघणारेत."

काका वाकले. सीटच्या कडेला शिवलेल्या पाइपिंगवरून नजर नेली. "इथं कोपऱ्यात एक टाका ओढलाय," ते म्हणाले.

तिघंही आनंदानं ओरडले. पंपवाल्यांनी दातवाल्यांच्या पाठीत थाप मारली. "म्हणालो नव्हतो? काढणार म्हणजे काढणार!"

"बाकी चांगलं केलंय," काका म्हणाले. "फार चांगलं केलंय."

मग, दार हलकेच पुढंमागं करत, जणू बिजागरी बघताहेत, त्यांनी विचारलं, "जुनं कापड?"

"जाळलं हो! घुशींनी घर केलं होतं त्यात," दातवाले म्हणाले. "आणि इथंच, तुमचा हात आहे ना तिथं, एक ठिगळ होतं. निळं! आणि टाके काय सांगू तुम्हाला. शिकाऊ दाताच्या डॉक्टरानंसुद्धा असे घातले नसते. तुम्ही पाहिलं असतं तर तिथंच चक्कर आली असती."

बाई हसल्या. पंपवाले हसले. काकाही हसले. चांगले मोठ्यानं.

"पाहिलं असतं तर उपटलंच असतं," ते म्हणाले.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मिटलं.

"बसा ना काका!" पंपवाल्यांनी पुढचं दार उघडून चावी पुढं केली.

काकांनी चावी घेतली आणि माझ्या हातात दिली. स्वतः मागं बसले. डावीकडं. मंडळींना हे फारच आवडलं. "साहेब! साहेब झाले काका!" मी गाडी चालू केली. एवढी नाजूक गाडी मी कधी चालवली नव्हती. आरसा नीट केला तर त्यात ते दिसले. ते आरशातच बघत होते.

"ड्रायव्हर," ते म्हणाले. पुढचे शब्द आले नाहीत.

मी रस्त्याला लागलो. बरंच अंतर गेल्यावर ते बोलले.

"कवी, इथून ड्रायव्हरचे डोळे दिसतात."

"आरशात?"

"हं. मी मागं कधी बसलोच नाही. मला वाटायचं, ती बाहेर बघत असते."

मी आरशात पाहणं टाळलं. फिरवून घरी नेलं.

नंतर त्यांनी मंडळींना एक शब्दही कळू दिला नाही. रविवारी गाडी घेऊन जायचे, म्हणजे मी न्यायचो. चहा प्यायचे. सीटचं कौतुक व्हायचं, ते मान डोलवायचे.

गेल्या मंगळवारी दुपारी त्यांनी मला दुकानात बोलावलं. मशीन बंद होतं. मांडीवर राखाडी लोकरीचा तुकडा होता, शिवणाऱ्यानं उरलेला म्हणून दिलेला. त्यात एक छेद होता आणि छेदावर निळं ठिगळ. हातात दाभण. आसपास असेच आणखी तुकडे पडले होते.

"बघ," ते म्हणाले.

मी पाहिलं. टाके मुंग्यांच्या रांगेसारखे सरळ. दुसऱ्या तुकड्यावरही सरळ. तिसऱ्यावर ते म्हणाले, डोळे मिटून घातलेत. सरळ. एक डाव्या हातानं शिवला होता. ते टाके मोठे होते, पण एकासारखे एक.

"बोटांना काही कळत नाही आता. सुई आहे की नाही हेही नाही. तरी हात ऐकत नाही. वाकडं येतच नाही."

मी तुकडे एकावर एक ठेवले.

"तू शिव," ते म्हणाले. "तुला येत नाही ना?"

"नाही."

"मग शिव."

मी त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसलो. त्यांनी नवा तुकडा कापून दिला, निळं त्यावर ठेवून दिलं. दाभण जड होतं. कापड सरकायचं. एक टाका लांब गेला, एक आखूड. दोरा अडकला, मी ओढला, ठिगळाला चुणी पडली. दोनदा बोटात शिरलं. ते काही सांगत नव्हते. चुकतंय असंही नाही. नुसते बघत होते. शेवटी मी गाठ मारली. मोठी झाली.

त्यांनी तुकडा घेतला. बोटं फिरवली नाहीत. गालाला लावला. डोळे मिटून सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला. गाठीशी थांबले.



"तुझं वाकडं वेगळं आहे," ते म्हणाले.

रागानं नाही. उलट समजूत घातल्यासारखं. त्यांनी तुकडा घडी करून खिशात ठेवला आणि माझ्या बोटाला चिंधी बांधली. मग स्टूल मशीनजवळ ओढलं. दातवाल्यांच्या आल्फाच्या दाराचं अस्तर अर्धवट राहिलं होतं. ते सुईखाली सरकवलं.

"दोरा ओवून दे," ते म्हणाले.

मी ओवून दिला. मशीन चालू झालं. पाइपिंग सरळ जात राहिली.